एकतीस मेपर्यंतची बाग

डिसेंबरचा शेवटचा रविवार, पारा नऊवर.
माकडटोपी घालून मोरेश्वर
गच्चीवर टाकीची सावली मोजतोय टेपने.
दहाला इथे, बाराला तिथे,
कोब्यावर खडूच्या रेघा.
तीस वर्षं ड्राफ्ट्समन होता,
वांग्याच्या बादलीलाही मध्यरेषा काढतो.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, उन्हाच्या तुकड्यात,
मांडीवर सूप, सुपात बियांची पाकिटं.
मार्केट यार्डात नहारांकडून आणलेली.
चित्रातला टोमॅटो इतका लाल
की खऱ्याने तोंड लपवावं.

दरवर्षी मी चित्रं बघून बी घ्यायची.
यंदा प्रत्येक पाकीट उलटं केलं,
चष्मा कपाळावर चढवून मागचे बारीक आकडे वाचले.
मेथी, पंचवीस दिवस. मुळा, चाळीस.
भेंडी, पन्नास.
गवार जरा आढेवेढे घेते.
नहारांचा मुलगा म्हणाला, काकू, मुहूर्त काढताय का?
म्हटलं, तसंच काहीसं.

करारावर सह्या झाल्या आमच्या.
सोळा बिऱ्हाडं. एकतीस मेला
किल्ल्या टिळेकरांच्या हातात,
दुसऱ्या दिवशी बुलडोझर.
बदल्यात सहकारनगरातच दहावा मजला, लिफ्ट, व्यायामशाळा.
बिल्डरच्या नकाशात मी माती शोधली.
एका कोपऱ्यात हिरवं काहीतरी होतं.
मोरेश्वरने भिंग लावून पाहिलं,
म्हणाला, हा नुसता रंग आहे.

म्हणून शेवगा नको, कढीलिंब नको,
पपईचं तर नावच नको.
डोळा फुटलेला सुरण बहिणीकडे शिरवळला धाडला,
तिच्याकडे जमीन आहे, आणि वर्षंही.

लाल भोपळ्यावर मात्र अडले.
एकशे दहा दिवस.
थंडी सरल्याशिवाय तो उगवायचा नाही,
म्हणजे फेब्रुवारीची वीस.
बोटांची पेरं दोनदा मोजली.
दहा दिवस कमी पडतात.
टिळेकरांना विचारू का, मोरेश्वर म्हणाला,
मग अर्जाचा विषय काय लिहायचा
यावर आम्ही डोळ्यांत पाणी येईतो हसलो.
पाकीट तरी सुपात राहिलंच.
फळ नाही तर नाही, फुलांची भजी होतील.

गद्रेबाई वर आल्या, वाळवणाचं निमित्त.
अकरा वर्षं भांडल्या आमच्याशी.
छताला ओल धरली की म्हणायच्या, हे तुमचे टोमॅटो.
आज त्या खडूच्या रेघा बघत उभ्या राहिल्या,
एकीवर पाय पडला तसा चटकन उचलला.
घाला हो पाणी, म्हणाल्या.
यंदा भरपूर घाला.
कुणालाच पुढे काही सुचेना.

एक भेंडी तोडायची नाही, असं ठरवलंय मी.
पहिल्या झाडाची, खालच्या पेरावरची.
तिला तिथेच जून होऊ द्यायची.
मंडईत आपण जिचा शेंडा मोडून बघतो
आणि वाकली, पण कट्‌ वाजली नाही
की परत ढिगात टाकतो, तसली.
वाळेल, शिरांवर तडकेल,
हलवली की खुळखुळा.

बी ठेवायला मोरेश्वरने डबी काढून दिली,
पेन्सिलीच्या शिशांची, रिकामी,
आत अजून काळी भुकटी.
वर कागद चिकटवून म्हणाला, सांग, काय लिहू?
भेंडी, म्हटलं.
महिना?
मे.
पण जून.

तो थांबला, मग लिहीत बसला,
त्याच्या त्या सरळ, एकसारख्या अक्षरांत.
तेवढ्यात टाकीची सावली खडू ओलांडून
सुपाच्या काठावर आली.
मी एक पायरी सरकले.